सासूबाईंचं जपानी सार

जपानला कधी न गेलेली, जपानी भाषेतला एक शब्द धड न येणारी, आणि तरीही जपानी स्वयंपाकावर देवबागपासून मालवणच्या बंदरापर्यंत अधिकारवाणीने बोलणारी या पृथ्वीवर एकच बाई होऊन गेली, आणि माझ्या नशिबाने ती माझी सासू होती. नशिबाने हा शब्द मी आज लिहितो आहे. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कुणी विचारलं असतं तर मी वेगळा शब्द वापरला असता.

मी मूळचा माण तालुक्यातला. आमच्याकडे पाणीच दिसायचं नाही, तिथे मासा कुठून दिसणार? कुडाळच्या कॉलेजात भूगोलाचा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा खानावळीत पहिल्यांदा सुरमईचं सार खाल्लं आणि त्याच ताटावर ठरवून टाकलं की लग्न करायचं तर मासे पकडणाऱ्याच्या घरात. पुढे देवबागची मुलगी सांगून आली. मुलगी छानच होती, हे मी आजही बायकोसमोर शपथेवर सांगतो. पण सासऱ्यांची स्वतःची होडी आहे, हे कळल्यावर मी पत्रिका बघायचीसुद्धा गरज नाही म्हणालो. लोकांना त्यात माझा पुरोगामीपणा दिसला.

जावई म्हणून पहिल्यांदा जेवायला गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं. पाटावर बसलो. सासूबाईंनी माझ्यापुढे एक वाटी ठेवली. वाटीत गढूळसं पाणी, त्यावर आल्याचे चार धागे आणि तळाशी एक काळपट हिरवी पट्टी. मला वाटलं, हात धुवायला दिलंय. मी बोटं बुडवणार तोच बायकोने कोपर मारलं. "जावयांनू, सार गरम आसा तवसर घेवा," सासूबाई म्हणाल्या, आणि वर कौतुकाने सांगितलं, "मिशी घातलंय त्यात." मी चमच्याने ढवळून ढवळून केस शोधत राहिलो.

मिशी म्हणजे मिसो, हे मला बायकोने घरी परतताना एस्टीत सांगितलं. कुळीथ आणि भात आंबवून, मीठ घालून, बरणीत महिनोन् महिने मुरवलेला एक लगदा. मागल्या पडवीत ती बरणी असायची, आणि तिचं झाकण उघडलं की शेजारचं कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन बसायचं. आमच्या लग्नाच्या वर्षभर आधी एक जपानी मुलगी समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास करायला मालवणात आली होती आणि पावसाळ्यापर्यंत सासूबाईंच्याच घरी राहिली होती. घरचे सगळे तिला 'बाय' म्हणायचे. तिला मालवणी येत नव्हती, सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, दोघींचं सगळं बोलणं टोप आणि पळीवर चालायचं. ती गेली, पण तिचा स्वयंपाक सासूबाईंनी जाऊ दिला नाही. "हे लग्नाआधी का नाही सांगितलंस?" मी बायकोला विचारलं. "सांगितलं असतं तर तू आला असतास?" ती म्हणाली. या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

सासूबाईंची एकेक तऱ्हा सांगावी तेवढी थोडी. ओहोटीच्या वेळी त्या मालवणच्या खडकांवर जाऊन शेवाळ खरवडून आणायच्या आणि ते अंगणात दोरीवर, सासऱ्यांच्या लुंगीच्या शेजारी वाळत घालायच्या. बाकीचे लोक ते माडाच्या मुळात घालतात. सुका बांगडा उकळून त्याचं पाणी गाळून घ्यायचं आणि बांगडा मांजराला टाकायचा, हा त्यांचा क्रम. मी त्या मांजराकडे ज्या नजरेने बघायचो ती माणसाला शोभणारी नव्हती. सार पिताना सुर्रकन आवाज आलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक, कारण बायने तसं शिकवलं होतं. मी लहानपणी आवाज केला म्हणून आईची चापट खाल्लेली, त्यामुळे मी मुकाट घोट घ्यायचो. "आवाज येवंक नाय. आवाडला नाय?" त्या विचारायच्या. शेवटी मी सुरकायला शिकलो, आणि इतका तयार झालो की आमच्या प्राचार्यांच्या घरी कॉफी घेताना सगळी बैठक गप्प झाली. त्या वर्षी वार्षिक संमेलनात मला व्यासपीठावर बसवलं नाही.

गोडाची गोष्ट तर विचारू नका. एकदा त्यांनी चहाच्या कपांतून काहीतरी वाफवून आणलं. पिवळसर, थलथलीत, वर झकास तकाकी. खरवस! मी आनंदाने एक मोठा चमचा तोंडात टाकला. आत कोळंबी होती. शिवाय मीठ होतं, आलं होतं, आणि ते अंड्यात वाफवलेलं होतं. माझ्या चेहऱ्याचं जे काही झालं असेल त्याला त्या जावयाचा आनंद समजल्या आणि दुसरा कप पुढे केला. पुढच्या खेपेला चायना ग्रास आणि कोकमाच्या पाण्याची एक लालचुटुक, आरपार दिसणारी वडी केली आणि तिच्या पोटात अबोलीचं एक फूल ठेवलं. दिसायला इतकी सुंदर की कुणी हात लावेना. मागच्या कोळंबीचा धडा लक्षात ठेवून मी यावेळी काही न विचारता फुलासकट गिळली. "अवो, फूल बगूक होता, खावक न्हय!" त्या ओरडल्या. हिरव्या चहाची पूड मिळत नाही म्हणून शेवग्याचा पाला वाळवून, दळून त्यांनी हिरवी खीर केली, ती पिऊन माझे गुडघे दुखायचे थांबले. पण चवीबद्दल मी काही बोलणार नाही. आणि एका गणेशचतुर्थीला तर मोदकात ओलं खोबरं न घालता तांबड्या चवळीचं गोड पुरण घातलं. सासरे मितभाषी, वर्षभरात बोलणार नाहीत एवढं त्या दिवशी बोलले. "गणपतीन आमचा काय वायट केल्यान, गो?"

सासऱ्यांची आणि माझी मैत्री जुळली ती याच दुःखातून. मी शनिवारी पोचलो की ते अंगणातून हाक मारायचे, "चला जावयांनू, वाडीत एक फेरी मारून येवया." वाडीतली फेरी त्यांच्या भावाच्या घरी संपायची. तिथे चुलतसासूबाई आम्हाला तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि भाकरी वाढायच्या, आणि आम्ही दोघे मागच्या दारी बसून, एकमेकांकडे न बघता, शाळा चुकवलेल्या पोरांसारखे जेवायचो. परत आल्यावर सासूबाई काही विचारत नसत. फक्त साबणाची वडी पुढे करायच्या. "हात परत धुवा. तिरफळाचो वास येता." मग आम्ही दोघे हात धुवायचो आणि गपचूप सार सुरकायचो.

असं काही वर्षं चाललं आणि एका डिसेंबरात बायचा फोन आला. ती तिच्या आईला घेऊन देवबागला येणार होती. सासूबाईंच्या घरात सण सुरू झाला. बरणी उन्हात आली, वाट्या चिंचेने घासल्या गेल्या, शेवाळ दोनदा निवडलं गेलं. आणि या सगळ्यात मला एक गोष्ट दिसली ती आधी कधी दिसली नव्हती: सासूबाई घाबरल्या होत्या. "तिची आवस चाकतली," त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या. इतकी वर्षं गावाने नाकं मुरडली, त्यांनी दाद दिली नाही, कारण त्यांच्या मनात ते सार कुठेतरी दूर, एका देशात, अगदी बरोबर होतं. आता तो देश पाटावर येऊन बसणार होता.

कुडाळ स्टेशनावर मीच आणायला गेलो. दुभाषाही मीच होतो, कारण घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. बोलता येणारा कुणीच नव्हता. आई ठेंगणी, पांढऱ्या केसांची, हसतमुख. पाटावर गुडघे दुमडून नीट बसली. सासूबाईंनी वाटी ठेवली. तिने दोन्ही हातांनी ती उचलली, छान आवाज करून घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला, आणि मुलीला हळूच काहीतरी विचारलं. मुलगी लाल झाली. दोघींचं बरंच बोलणं झालं. मग मुलीने मला इंग्रजीत सांगितलं, आई म्हणते आहे, फार चवदार आहे, पण हा कुठला पदार्थ? असं काही तिने जन्मात खाल्लेलं नाही.

मी सासूबाईंकडे वळलो. "आई, त्या म्हणतात, अगदी घरची आठवण झाली."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "जावयांनू, तुमी मास्तर आसास, पण तुमका खोटा बोलूक येणा नाय. तिका ह्या वळखीचाच नाय."

मग बायनेच सगळं सांगितलं, आणि मी निमूटपणे जसंच्या तसं मराठीत आणलं. घरी तिला भातही करता येत नव्हता. शिकत असताना ती पाकिटातलं खाऊन राहायची. देवबागात तिला ताप आला, तिखट खाववेना, आणि घरच्या साराची आठवण येऊन ती रडायला लागली. ते करतात कसं, हे तिला माहीतच नव्हतं. सासूबाई एकेक जिन्नस उचलून दाखवायच्या आणि ती मानेने हो किंवा नाही म्हणायची, तेही अंदाजाने. थोडा ताप उतरला तेव्हा समोर जे आलं होतं त्याला तिने हेच ते म्हणून टाकलं. मिशी मागाहून मुरली, आणि बाकीचे पदार्थही असेच मानेच्या होकारावर ठरत गेले.

सासूबाई उठल्या आणि मागल्या पडवीत गेल्या. मी पाठोपाठ गेलो. त्या बरणीपाशी उभ्या होत्या.

"म्हणजे ह्या जपानचा न्हय?"

"नाही, आई."

"मगे कोनाचा?"

"तुमचंच म्हणायचं."

"माजा?" त्या म्हणाल्या. "माजा कसा? माज्या घरात ह्या कोन खाता?"

भूगोल, इंग्रजी, मराठी, मला येणाऱ्या सगळ्या विषयांत मी उत्तर शोधलं. तेवढ्यात जपानची आई दारात आली. हातात रिकामी वाटी. मागे मुलगी. ती म्हातारी बोलत होती आणि मुलगी थांबत थांबत मला सांगत होती: त्या वर्षी मुलगी इथे तापाने पडली तेव्हा फोनवर तिचा आवाज ऐकून आईचं जेवणखाण सुटलं होतं. परक्या मुलखात हिच्या तोंडात घास कोण घालतंय, हा एकच घोर. आज कळलं. आणि ती बाई तिथेच, पडवीच्या सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून, कपाळ पार खाली नेऊन वाकली.

सासूबाईंची धांदल उडाली. त्यांनी तिला खांद्याला धरून उठवलं. "अगो, असा काय करतास? उठा बगू! सारच तां!" म्हणाल्या, आणि दोघी एकमेकींना धरून हसत, डोळे पुसत राहिल्या. मग म्हातारीने वाटी पुढे केली. तिला आणखी हवं होतं.

पुढचे दिवस त्या दोघी चुलीपुढे होत्या आणि माझं दुभाषेपण कुणाला लागलं नाही. मला नारळ सोलायला बसवलं, कारण पाहुणीला मालवणी जेवण शिकायचं होतं. त्या आठवड्यात मी सासूबाईंच्या हातचं सुरमईचं सार पहिल्यांदा खाल्लं. ज्यासाठी लग्न केलं ते ताट मिळायला जपानहून एक बाई यावी लागली. सासऱ्यांनी आणि मी भाताचा डोंगर संपवला. सासरे तर उठताना पाहुणीला हात जोडून आले. जाण्याआधी तिनेही तिच्या रीतीचं एक खरंखुरं सार करून सगळ्यांना पाजलं. सासूबाईंनी आवाज करून प्यायलं, मान डोलावली, आणि गाडी वळणाआड गेल्यावर म्हणाल्या, "बरा होता. पन आपला बरा."

दोनेक वर्षांनी पुन्हा फोन आला. तोवर सासूबाई थकल्या होत्या, ऐकूही कमी यायचं. बायला दिवस गेले होते. पोटात काही ठरत नव्हतं आणि तिला डोहाळे लागले होते ते सासूबाईंच्या साराचे. तिच्या आईने करून बघितलं होतं, पण ते तसं होत नव्हतं. कसं करायचं, ते सांगा म्हणाली. मी सासूबाईंना मोठ्याने विचारलं. त्या सांगू लागल्या: मिशी एवढीशी. एवढीशी म्हणजे किती? त्यांनी मला मूठ दाखवली. पाणी? त्यांनी टोपाकडे बोट केलं. मी फोनवर मूठ आणि टोप इंग्रजीत कसे पाठवणार? जमेल तसं सांगितलं. पलीकडून बाय हसली, मग रडली, आणि फोन ठेवला.

सासूबाई भिंतीला हात लावत चुलीपाशी गेल्या. दुपारचं जेवण झालं होतं, कुणाला भूक नव्हती, तरी त्यांनी टोप चढवला. बांगड्याचं पाणी गाळलं, शेवाळ टाकलं, बरणीतलं शेवटचं काढून कालवलं. वाटी माझ्यापुढे ठेवली.

"तुमी खावा," त्या म्हणाल्या. "तिच्या नावान."

मी खाल्लं. वाटी संपल्यावर दुसरी मागून घेतली, आणि ती संपेपर्यंत सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या, जणू प्रत्येक घोट मालवणच्या समुद्रावरून थेट तिकडे चालला होता. बायला मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा त्या होत्या. पुढच्या पावसाळ्यात गेल्या. माझ्या बायकोने त्यानंतर तेच जिन्नस घेऊन कितीदा तरी करून बघितलं. तसं होत नाही.