मल्लय्यांच्या फोटोखालची पाटी

आता तुमच्यापासून काय लपवायचं? एका शब्दापायी मी एका पोरीचं लग्न मोडत आणलं होतं! चहा घ्या, सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. आमच्या दोस्ताने, बंडूने, सोलापुरात दुष्काळात काढलेल्या आपल्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, वाचनालयाच्या हॉलमध्ये. मी शाळेत मराठी शिकवणारा, म्हणून फोटोंखालच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे. मग काय विचारता!

एका फोटोत मल्लय्या विणकर मागापाशी बसलेले. डोळे अर्धे मिटलेले, मान कललेली. मी खाली झोकात लिहिलं, ‘उपाशी’.

अहो, काय परिणाम! बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. “गालफडं बघा कशी बसल्यात!” म्हणत एका आजीने दुसऱ्या दिवशी चक्क भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणली, त्या बिचाऱ्याला द्या म्हणून. मी हवेत!

आणि दुपारी मल्लय्या स्वतःच दारात.

“मास्तर, मी उपाशी? चार भाकऱ्या हाणून पेंगत हुतो की मी तवा!”

“अहो, पण...”

“पण काय पण! पोरीला बघून गेलेले अक्कलकोटचे पावणे आज माझा फोटो बघायला हितंच यायलेत. उपाशी घरची पोरगी कोन करंल?”

मी धावलोच! पाटी काढली, उलटी केली, मागे लिहिलं, ‘लेकीचं लग्न ठरलं!’ खिळ्याला अडकवतोय तोच पाहुणे आत.

मुलाची आई फोटोपुढे थबकली.

“अगं बाई, किती खूश हाय मानूस! डोळंच मिटल्यात आनंदानं. गाल बघा, कसं भरल्यात! आमी होकार द्यायच्या आधीच एवढा खूश, आता न्हाई कसं म्हनायचं?”

लग्न तिथल्या तिथे पक्कं!

“बघितलंस? फोटो तोच, नुसता शब्द बदलला!” मी बंडूला ऐटीत म्हणालो. तो गालात हसला.

दुसऱ्या दिवशी जातो तर काय, भिंतीवर माझाच फोटो! मल्लय्या झापत असताना बंडूने गुपचूप काढलेला, तोंड वासलेला. आणि खाली पाटी, ‘उपाशी’.

माझं पोट तेव्हाही सदऱ्याची बटणं तोडायला निघालेलं, बरं का! पण कालची आजी फोटोपुढे डोळ्याला पदर लावून उभी. मला बघताच तिने भाकरीचं फडकं सोडलं.

“खा लेकरा. किती वाळलायस रं!”

आजी, मी आत्ताच जेवून आलोय हो, असं म्हणणारच होतो. पण नजर त्या पाटीवर गेली आणि शपथेवर सांगतो, पोटात कावळे ओरडायला लागले!

दोन भाकऱ्या खाल्ल्या मी. वर चटणी मागून घेतली.