न दुखणाऱ्या पोटाच्या गोळ्या

आमच्या ह्यांच्याइतका खबरदार माणूस शेळगावात दुसरा नसेल, पण ती खबरदारी फक्त पेरूसाठी. फळ लिंबाएवढं झालं की त्याला फोमची जाळी आणि वरून प्लास्टिकची पिशवी. दोन एकरांतलं एकही फळ उघडं राहता कामा नये. माशी लागल्यावर धावपळ करणारा शेतकरी ह्यांच्या लेखी बिनडोक. हे व्याख्यान बांधावर उभं राहून त्यांनी किती जणांना दिलं असेल! मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण एवढ्या पोटतिडकीनं नाही.

आणि याच गृहस्थांना बारामतीच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी नीट समजावून सांगितलं, की मोठ्या आतड्याच्या भिंतीला फुगवटे आलेत, त्यांना दोनदा सूज येऊन गेलीय, पुन्हा आली तर आतडं फुटू शकतं. ते होऊ नये म्हणून दर महिन्याला सात दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या, आणि रोज इसबगोल. किती दिवस, असं मी विचारलं. "वर्षानुवर्षं," डॉक्टर म्हणाले. ह्यांनी अशी मान डोलावली की मला वाटलं, समजलं.

पाच महिने घेतल्या. सहाव्या महिन्यात पाकीट तसंच.

"अहो, गोळ्या?"

"दुखतंय कुठं आता?"

"दुखू नये म्हणूनच आहेत ना त्या!"

"चांगल्या पोटात औषध कशापायी वतायचं? मी काय येडा हाय व्हय?"

कप्पाळ माझं!

त्यात बावड्याचे पाव्हणे आले. ते म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचा सल्ला तयार. "तात्या, गोळ्याबिळ्या सोडा. पेरूची बी आतड्यात अडकती, तिनं सगळं हुतंय. बी बंद, रोग बंद." बियांचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी तसं म्हणालेही. पण बायकोचं ऐकलं तर पाव्हण्यांचा मान कसा राहायचा? घरचा पेरू बंद झाला. टोमॅटो, वांगं, तीळ, सगळं बंद. चटणीत तीळ दिसला की ताट बाजूला. केवढं ते पथ्य! "पथ्यानं बरा झालो," असं चार लोकांत सांगायचे, आणि गोळ्या कपाटात जुन्या होत होत्या.

शेवटी मीही नाद सोडला. तेच ते बोलून कंटाळले होते. त्याची आज लाज वाटते.

गेल्या वर्षी एका सकाळी पेरूला पिशव्या घालता घालता हे पोट धरून बांधावरच बसले. अंगाला घाम आणि हात गार. गाडीतून बारामतीला पोचेपर्यंत बोलणंही बंद झालं होतं. आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं आणि शौचासाठी पोटाच्या डाव्या बाजूला पिशवी लावली, ती चार महिने राहिली. मी ती बदलायचे तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. पाव्हणे सफरचंदं घेऊन भेटायला आले. म्हणाले, "चोरून एखादा पेरू खाल्ला असंल बघा." मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

घरी सोडायच्या दिवशी मी डॉक्टरांना एकटी गाठलं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंच होतं.

"गोळ्या घेतल्या असत्या तर टळलं असतं ना?"

"काहींना फायदा होतो, म्हणून देतो. पण तुमच्या मिस्टरांचं टळलंच असतं, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. तरी पुढं चालू ठेवू या."

मला त्यांचा रागच आला. इतके महिने मनात धरून ठेवलेला राग आता कुणावर काढू?

हे बोलणं मी ह्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर गोळ्या पुन्हा कपाटात जातील, हे मी लिहून देते. आता पोटाची पिशवी निघालीय आणि गोळ्या हे आपणहून घेतात. परवा पेला हातात घेऊन थांबले.

"तवा घेतल्या असत्या, तर ह्यो दिवस बघावा लागला नसता. व्हय ना गं?"

माणूस नुसता वाळून गेलाय. आवाजात कधी नव्हे ती अजिजी होती.

"नसता लागला," मी म्हणाले.