साहेब, वसंत आमच्या घरी माघातच आला!

सौंदडच्या आमच्या घरी त्या माघात एका सकाळी दयाळ पक्षी कौलांवर बसून चक्क गायला लागला... थंडीभर नुसता चिरचिरत होता तो. मी पांघरूण टाकून अंगणात पळाले.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी दहा वर्षांची, तिसरीत. गावातल्या आम्ही दोनच मुली शाळेत जायचो.

अंगणातल्या आंब्याला शेंड्याकडून मोहोर फुटला होता. मागच्या पळसानं पानं गाळून काळ्या मखमली कळ्या धरल्या होत्या... आणि कुठूनतरी तांबट पक्ष्याचं टुक टुक सुरू झालं होतं. घरात कुणाचंच लक्ष नव्हतं. मला वाटलं, हे सगळं पहिल्यांदा मलाच कळलंय!

नेमके त्याच दिवशी डेप्युटीसाहेब शाळेत परीक्षा घ्यायला आले. बाबांनी आधीच बजावलं होतं, "नापास झाली का शाळा बंद. घरी धान कांडाचे."

साहेबांनी मला उभं केलं. "वसंत ऋतू केव्हा येतो?"

चैत्र-वैशाख... उत्तर तोंडपाठ होतं. पण तोंडातून निघालं, "आला, साहेब. आज सकाळीच आला आमच्या घरी."

वर्ग खो-खो हसला. मास्तरांनी डोळे वटारले. साहेब म्हणाले, "पुस्तकात काय लिहिलंय ते सांग."

तेवढं सांगितलं असतं तर सुटले असते. पण सकाळी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं? मी म्हटलं, "पुस्तकात चुकलंय, साहेब."

पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. नावापुढे 'उद्धट' लिहिलं... आणि मी नापास.

घरी आले तर बाबा दारातच. बातमी माझ्याआधी पोचली होती. "काऊन चुकली? आठवलं नाही का?"

"आठवलं होतं. पण ते खरं नव्हतं."

त्यांचा हात धरून मी त्यांना आंब्याखाली नेलं. बाबा रोज त्याच झाडाखालून शेतावर जायचे. त्यांनी मान वर केली, मोहोराचा एक तुरा तोडला, चुरगाळून हुंगला... आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी फेटा बांधून ते माझ्यासोबत शाळेत निघाले. मला वाटलं, संपलं... आज शाळेतून नाव काढणार.

बाबा थेट मास्तरांसमोर उभे राहिले. "माही पोरगी खोटं नाही बोलून राहिली, मास्तर. आमच्या घरी मोहोर आला आहे. याचं असन तं पाहाले या."

मास्तर चाचरले. "पण साहेबांनी लिहिलं ना. आता नापास ते नापासच."

"राहू द्या नापास. अजून एक साल तिसरीत बसंन. पण नाव काटाचं नाही."

एवढं बोलून बाबा वळले आणि तसेच शेतावर गेले. मी माझ्या जागेवर जाऊन बसले... त्या दिवशी कुणी हसलं नाही.

तिसरीत मी दोन वर्षं काढली. त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आज नव्वदीतही वाटत नाही. बाबांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले... म्हणून आज या व्यासपीठावरून, तुम्हा सगळ्यांसमोर मानते.