बॉटनीची वाटणी

मी दुसरीत होते तेव्हा आई गेली. पाठच्या भावंडांना सांभाळायचं म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन लालबागला आले नि एका खोलीत अकरा गिरणीवाल्यांची खाणावळ चालवली. त्याच खोलीत, भाकऱ्यांच्या धुरात, माझी नणंद अभ्यास करायची. गावाला म्हशी राखून सातवी झाली, आमच्याकडे राहून मॅट्रिक. कॉलेजात दोन वर्षं गेली नि पुढचा विषय निवडायची पाळी आली. तिने गावी वडिलांना, माझ्या सासऱ्यांना, पत्र टाकलं : मला बॉटनी घ्यायची आहे, फॉर्मवर तुमची सही लागेल.

सासऱ्यांना वाचता येत नव्हतं. पोस्टमनने वाचून दाखवलं. ब-च्या पोटातली रेघ त्याला दिसली नसणार, नि बॉटनी हा शब्द कधी ऐकलेला नसणार. त्याने वाचलं, मला वाटणी घ्यायची आहे.

चौथ्या दिवशी म्हातारा एसटी बदलत बदलत आमच्या दारात हजर.

"काय गो, मी जितो आसतानाच तुका वाटणी होयी?"

जेवणारे घास हातात धरून बसले. आमचे हे नुकतेच मोर्च्यातून आलेले, घसा बसलेला. तशाच घशाने ओरडले, "आम्ही संयुक्त महाराष्ट्रासाठी लाठ्या खातोय, नि ही घरात वाटणी मागते?"

"वाटणी नाय ओ बाबा, बॉटनी! झाडापाल्याचो अभ्यास!"

पंगतीत हसण्याचा नुसता धुरळा. एक जण म्हणाला, "म्हातारबा, आता आंब्याचं एक कलम तरी लिहून द्या तिला!"

सासऱ्यांचा राग उतरला, पण हट्ट नाही. "झाडां शिकाक कॉलेज कित्याक? गावच्या शाळेत मास्तरीण हो. म्हशींमागून फिरान शिकलंस, ता काय कमी आसा?"

"म्हशींमागून फिरलंय म्हणानच ह्यो विषय मागतंय. आंब्याचो मोहर काळो कित्याक पडता, तुमका ठावक आसा?"

"नाय."

"माका पण नाय. ताच शिकाचा आसा."

म्हाताऱ्याने तंबाखू मळायला घेतली. मग माझ्याकडे वळला. "सूनबाय, तू काय म्हणतस?"

शिकण्याबद्दल मला कुणी विचारलं ते जन्मात एवढंच. मी म्हटलं, "शिकू दे तिला. भाकऱ्यांना मी आहे."

फॉर्मवर अंगठा उठला. नि पंगतीला बसल्या बसल्या सासरे लेकीकडे बोट करून शेजारच्याला सांगायला लागले, "आमचा चेडू कलमांचो डाक्टर होतला."