सतरा रेघा

दवाखान्यात बायको शेवटच्या दोनच गोष्टी बोलली. एक, गॅस बंद केला का. दुसरी, “अहो, त्या नाशिकच्या साहेबाकडे सतरा डब्यांचे पैसे राहिलेत. तुम्ही सोडून द्याल. सोडू नका.” दुसऱ्यांच्या बायका जाताना काय काय बोलतात म्हणे. माझ्या वाट्याला हे आलं.

डोकमर्डी वस्तीतल्या आमच्या खोलीतून ती जेवणाचे डबे द्यायची. माझी कारखान्यातली नोकरी सुटली तेव्हापासून मी ते सायकलवर पोचवायचो. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही नाही, म्हणून वही नव्हती. स्वयंपाकाच्या ओट्यामागे भिंतीवर खडूच्या रेघा. एक डबा, एक रेघ. महिना झाला की गिऱ्हाईकानं यायचं, पैसे द्यायचे, आणि तिच्या हातचं ओलं फडकं घेऊन आपल्या रेघा आपणच पुसायच्या. मग भांडायला जागा नाही. डबा बंद करायचा तरी तीच रीत. रेघा पुसल्या की बंद, तोवर खातं चालू.

साहेब मूळचा नाशिकचा, इथं खडोलीच्या कारखान्यात मॅनेजर, एकटाच राहायचा. साठ रुपयांनी सतरा डब्यांचे एक हजार वीस. दहावं-तेरावं उरकल्यावर मी त्याच्याकडे गेलो.

दार उघडलं आणि साहेब रडायलाच लागला. “काका, काकूंच्या हातची मेथीची भाजी आठवते हो!” त्याला रडताना पाहून मीही रडलो. त्याच्याच फ्रीजमधलं पाणी काढून त्याला पाजलं आणि घरी आलो. जिना उतरल्यावर आठवलं, पैसे राहिले.

पुढच्या खेपेला त्यानं भरीत काढलं. त्याच्या पुढच्या खेपेला शेवभाजी. दर वेळी मी पाणी पाजून परत. बायकोला पंचवीस भाज्या यायच्या. म्हणजे मला पंचवीस चकरा. तेव्हा डोकं सणकलं. म्हटलं, खातं चालू आहे ना? मग डबाही चालू.

सकाळी उठून मी स्वतः वरण-भात केला. वरण खाली लागलं. डबा भरून नेऊन दिला आणि येऊन भिंतीवर अठरावी रेघ मारली.

“काका, हे काय?”

“डबा.”

“पण मी सांगितला नव्हता.”

“बंद करा असंही सांगितलं नाही.”

तिसऱ्या दिवशी भरीत केलं. दुपारी त्याचा फोन. “काका, भरितात काहीतरी कुरकुरतंय.”

“वांग्याची साल आहे. खा.”

“आणि मीठ?”

“कालच्या भाजीत जास्त पडलं होतं. म्हणून आज घातलं नाही.”

चौथ्या दिवशी भाकरी केली. त्या भाकरीबद्दल मी काही बोलत नाही. मलाच ती पाण्यात भिजवून खावी लागली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी साहेब स्वतः दारात. हातात घासून पुसून ठेवलेले माझे सगळे डबे. वरच्या डब्यात हजार रुपये आणि वीसची नोट. “काका, पाया पडतो, उद्यापासून नको. हे काकूंच्या सतरा डब्यांचे. तुमच्या सहाचे किती?”

“माझे फुकट. त्या जेवणाचे पैसे मागायला मला लाज वाटते.”

नोटा मी तिच्या पोह्यांच्या डब्यात ठेवल्या. ती तिथंच ठेवायची. साहेबाला रीत माहीत होती. तो आपणहून ओट्याकडे गेला, फडकं ओलं केलं आणि भिंतीपाशी उभा राहिला. सतरा रेघा बारीक, सरळ, एकीला एक लागून. त्यापुढे माझ्या सहा, दारू प्यायल्यासारख्या.

त्यानं सुरुवातीपासून पुसायला हात वर केला. मी ओरडलो, “शेवटच्या सहा पुसा! फक्त सहा!”

तो दचकला. सहा पुसल्या. “आणि या?”

“राहू द्या.”

“अहो काका, पैसे दिले की!”

“दिले. मी कुठं नाही म्हणतोय? पोचले म्हणून सांगतो तिला. पण त्या रेघा तिनं मारल्यात.”

साहेबानं फडकं पिळून ओट्यावर ठेवलं. मग त्याचे डोळे भरले. या वेळी त्यानं एकाही भाजीचं नाव घेतलं नाही.

मी त्याला पाणी दिलं. आमच्याकडे फ्रीज नाही. माठातलं दिलं.