बावीस चाव्यांचा जुडगा

फौजदारीणबाईंचा विश्वास फक्त कुलपांवर होता. कुलूप लावल्यावरही त्या ते दोनदा ओढून बघायच्या, म्हणजे तोही जेमतेमच. प्राणिसंग्रहालयातल्या लोकांनी त्यांना हे नाव उगाच ठेवलं नव्हतं.

नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले होते, "एवढं शिकून शेण काढणार?" बाईंनी सात वर्षं तेच काढलं, चार वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात माकडांचे बोचकारे सोसले, आणि यंदा कुठे क्युरेटरच्या खुर्चीत बसल्या. तीही तात्पुरती. क्रौंच पक्ष्यांच्या जोडीला पिल्लू झालं तर खुर्ची कायम, असं संचालकांनी तोंडावर सांगितलं होतं.

आणि नेमकी अंडीच नाहीशी होऊ लागली.

पहिल्या खेपेची दोन्ही गेली. जाळी शाबूत, कुलूप शाबूत, उंदीर-घुशीचा माग नाही. आत जाणारी माणसं दोनच, बाई आणि मामा. मामा क्रौंचांचे जुने राखणदार. झाडू कसा धरायचा, आत जाताना चाव्या फडक्यात कशा गुंडाळायच्या, हे बाईंना त्यांनीच शिकवलेलं. हल्ली मात्र ते फारसं बोलत नसत आणि घरी जाताना जेवणाचा डबा छातीशी धरून नेत. रिकामा डबा इतका कोण जपतं? बाईंच्या मनात पाल चुकचुकली. दुर्मीळ अंड्यांना गिऱ्हाईक असतं, हे त्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या खेपेला पुन्हा दोन अंडी आली. बाईंनी छपराखाली गुपचूप कॅमेरा लावला, आणि तेवढ्यावर भागेना म्हणून दर तासाला स्वतः घरट्याशी चक्कर सुरू केली. तरीही मंगळवारी सकाळी एक अंडं गायब! मामा दारातच उभे होते. बाईंच्या कमरेकडे बघून म्हणाले, "चाव्या फार झाल्या का गं आता?"

कमरेला बावीस चाव्यांचा जुडगा होता. पूर्वी दोनच असायच्या. हा जळतोय माझ्यावर, दुसरं काय, असं बाईंना वाटलं.

"पेलतात मला, मामा."

मामा बाजूला झाले. त्याच दुपारी बाईंनी संचालकांना मामांविरुद्ध पत्र दिलं. चौकशी बसली आणि मामांची रवानगी फाटकावर, लोकांच्या पिशव्या सांभाळायला झाली. निवृत्तीला त्यांचे दोनच महिने उरले होते.

मग चौकशीसाठी पुरावा हवा म्हणून बाई कॅमेऱ्याचं चित्रण बघायला बसल्या. घाई अशी की पत्र आधी गेलं होतं.

सोमवार, संध्याकाळची शेवटची चक्कर. पडद्यावर बाई स्वतःच आल्या, ताठ मानेनं, कमरेचा जुडगा खुळखुळवत. मादी दचकून उठली, घरट्यात गरगर फिरली. बाई डोकावल्या आणि पाठ फिरवून निघाल्या. त्यांच्या पाठीमागे मादीनं अंड्यावर चोच मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. थोड्या वेळानं मामा अनवाणी आले. चाव्या फडक्यात गुंडाळलेल्या. कवचाचे तुकडे वेचून त्यांनी डब्यात घातले.

चोर सापडला होता आणि त्याच्या कमरेला बावीस चाव्या होत्या. बाई धावतच फाटकावर गेल्या.

"मामा, तुकडे का उचललेत?"

"तिथं राहिले तर पक्ष्याला अंडं खायची चटक लागते. आणि वरच्यांना दिसले तर आत कोण गेलं होतं, हे विचारतील ना."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोललो की. तू म्हणालीस, पेलतात."

बाईंना रडू आलं, आणि रडण्याचीही लाज वाटली. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, त्यात स्वतःचं नाव घातलं. मामा क्रौंचांकडे परतले. बाईंची खुर्ची गेली.

उरलेल्या अंड्यातून महिन्याभरात पिल्लू निघालं. ते बघायला बाईंना मामांची परवानगी लागते. मामा देतात, पण आधी दारात उभं करून, खुळखुळणारं काही नाही ना म्हणून त्यांचे खिसे तपासतात.