पेज चालते का?

धसईच्या बाजाराला लागून माझी भात भरडायची गिरणी आहे. एकीकडून भात ओतायचं, दुसरीकडून तांदूळ पडतो, तिसरीकडून कणी, मागच्या बाजूनं कोंडा. उरलेल्या बाजूनं मी. मशीन बंद झाली की लोकांच्या कानांत दडे बसतात, म्हणून मी बोलतो असं मी सांगायचो. खरं म्हणजे मशीन चालू असली तरी बोलायचो, फक्त ओरडून.

माझ्याकडे भात भरडायला पैसे पडतात, सल्ला फुकट. आणि फुकटाला गिऱ्हाईक जास्त.

"दोन हात पॉलिश मार रे, तांदूळ कसा सफेद दिसला पायजे."

"लग्नाचा आहे का?"

"नाय, घरी खायला."

"मग बिचाऱ्याला नागवा कशाला करतोस?" असं म्हणून मी सूप छातीशी धरून तांदळासारखा लाजायचो. बायका पदरात हसायच्या. मग नीट सांगायचो. तांदळाच्या अंगावरची ती तांबूस साल आहे ना, अर्धा जीव तिच्यात असतो. पॉलिश मारलं की ती कोंड्यात जाते आणि कोंडा जातो म्हशीकडे. "म्हणून तुझ्या घरात सगळ्यात धडधाकट कोण, तर म्हैस!"

प्रश्नांना तोटा नव्हता. रात्रीचा भात सकाळी चालतो का? चालतो, पण शिजल्यावर लवकर निववून फ्रिजात ठेवला तर. दुपारभर टोपात उघडा पडला असेल तर गरम करून उपयोग नाही, कोंबड्यांना घाल. शुगरवाल्यानं गूळ खाल्ला तर? गूळ हा साखरेचा सख्खा भाऊ, रंगानं सावळा म्हणून त्याला सोडायचं का? मोबाइल उशाशी ठेवला तर डोकं दुखतं का? ठेवून झोपलास तर नाही, ठेवून जागलास तर दुखणारच.

मी डॉक्टर नाही. बारावीला गटांगळी खाल्लेला माणूस आहे. पण वाचायची खोड आहे, आणि एकदा आरोग्याच्या शिबिरात तीन दिवस पहिल्या रांगेत बसून मी शिकवणाऱ्या बाईंना इतके प्रश्न विचारले की चौथ्या दिवशी शिबिर ठेवलंच नाही. माझी बहुतेक उत्तरं बरोबर असायची. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरोबर असायची म्हणूनच लोक ऐकायचे, आणि ऐकायचे म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

माझी थोरली बहीण सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या गावात दिलेली. थोरल्या बहिणीला आमी बाय म्हणतो. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती, तिचा मुलगा आणि सून. मुलगा एमआयडीसीत पाळीला जायचा. सून खर्डीकडची, बोलायला कमी, कामाला वाघीण. बाय हसायची तेव्हा आवाज करायची नाही. तोंडावर पदर धरायची आणि नुसते खांदे हलायचे. लहानपणापासून मी जी काही माकडचेष्टा करत आलो ती त्या खांद्यांसाठी. दहा माणसं खदखदून हसली आणि बायचे खांदे हलले नाहीत तर माझा प्रयोग पडला असं मी समजायचो.

गेल्या वर्षी तिला धाप लागायला लागली. विहिरीवरून घरी येईपर्यंत दोनदा बसायची. मुरबाडच्या डॉक्टरनं तपासलं, छातीचे फोटो काढायला लावले आणि सांगितलं, हृदयाचा पंप थकलाय. पाणी पुढं ढकलत नाही, ते अंगात साचतं. गोळ्या घ्यायच्या, मीठ कमी, आणि पाणी दिवसाला एक लिटर, मोजून.

मोजून म्हटल्यावर बायनं मोजलं. थंडाची लिटरभराची रिकामी बाटली धुऊन घेतली. सकाळी भरायची, कोनाड्यात ठेवायची, त्यातलंच दिवसभर प्यायची. संध्याकाळी बोटभर उरलं तर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. शेतात राबलेल्या बाईला तहान मारणं सोपं नसतं. तिनं ते केलं.

मग एका बाजाराच्या दिवशी ती आणि सून भात घेऊन गिरणीवर आल्या. आठदहा माणसं होती. बाय एका पोत्यावर टेकली, दम खाल्ला आणि म्हणाली, "कणी येगळी काढ रे बारक्या. पेजेला लागते."

मग जरा थांबून म्हणाली, "पेज चालते ना पण? का ती पण त्या बाटलीतच धरायची?"

आमच्याकडे पेज म्हणजे काय ते सांगायला हवं. कणी भरपूर पाण्यात मऊ शिजवायची, चिमूट मीठ घालायचं, वाडग्यातून प्यायची, बाजूला भाजलेली सुकट. शेतावर जाताना पेज, आल्यावर पेज. बाळंतिणीला पेज, तापकऱ्याला पेज. घरात कोणी आजारी पडलं की पहिल्यांदा चुलीवर पेज चढते, मग रिक्षाला फोन जातो. पेज पिऊन उठलेल्या पाहुण्यालाही आमी विचारतो, पाणी देऊ का? इतकी ती आमच्या लेखी पाण्यापासून लांबची.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मशीन बंद केली. तांब्या उचलून एका हातात धरला, कण्यांची पाटी दुसऱ्या हातावर घेतली आणि वकिलासारखा फिरलो.

"हे पाणी," मी तांब्या वर केला. "हे तांब्यात राहतं. आणि ही पेज. ही अन्न. अन्नाला बाटलीत कोंडणारा डॉक्टर अजून जन्मायचाय! बाय, पाणी मोजून पी, पेज पोटभर पी. कोणी अडवलं तर सांग, माझ्या भावानं निकाल दिलाय."

गिरणी हसली. बायचे खांदे हलले. सूनसुद्धा हसली, तोंड दुसरीकडे करून. कणी मी स्वतः बांधून दिली, आणि दोन मुठी जास्त घातली.

मला खरंच तसं वाटत होतं. मुद्दाम खोटं बोललो नाही. पण एक गोष्ट आज कबूल करतो: वाटत होतं की नाही हे तपासायला मी क्षणभरही थांबलो नाही. खांदे हलणार हे मला दिसलं होतं.

पावसाळ्यात तिचे पाय सुजले. बोटानं दाबलं की खड्डा पडून तसाच राहायचा. पाटल्या निघेनात. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून घरातल्या मेढीला, लाकडी खांबाला, टेकून बसूनच झोपायची. शेवटी भाच्यानं गाडी करून तिला कल्याणला मोठ्या दवाखान्यात नेलं. सून आणि मीही गेलो. तिथली डॉक्टरीण तरुण होती, आवाज शांत. तिनं बायला विचारलं, "मावशी, दिवसभरात काय काय घेता?"

बायनं पाढा म्हटला. पाणी एक बाटली, त्यातलं पण उरतं. चहा अर्धा कप. सकाळी दोन वाडगे पेज, दुपारी एक, संध्याकाळी एक.

डॉक्टरिणीनं पेन खाली ठेवलं. "मावशी, वाडगाभर पेजेत तांदूळ मूठभर, बाकी पाणीच. पाणी, चहा, पेज, ताक, आमटीचा रस, सगळं त्या एका लिटरात धरायचं. त्यात तुम्ही मीठही घालता. पेज चालते असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

डॉक्टरीण सोडून खोलीत आमी चौघे होतो. भाचा गोळ्यांचा कागद वाचत होता. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे त्या क्षणी जगातले सगळे शब्द होते आणि लागत होते फक्त दोन. मी चुकलो.

"मीच म्हटलं," बाय म्हणाली. "मला कोण सांगनार? माझंच डोकं."

आणि मी खिडकीबाहेर बघितलं.

औषधानं पाणी उतरलं, ती घरी आली. सुनेनं पेज बंद केली. कोरडा भात, घट्ट वरण दोन चमचे, बिनमिठाची भाजी. मी मध्ये एकदा भेटायला गेलो. पडवीत बसलो होतो. बायची जीभ कोरडी पडली होती, ती लवंग चघळत होती. मी म्हटलं, "बाय, त्या दिवशी गिरणीवर..."

"गप रे," ती म्हणाली. "तुझं तोंड बंद झालं तर गिरणी कशी चालायची? माणसं तांदळाला येतात काय तुझ्याकडं?" आणि खांदे हलवले, थोडेसेच. मग म्हणाली, "माझ्या सुनेला कोणी बोल लावला तर मात्र बघ हां."

मी हो म्हटलं. मग दुसरंच काहीतरी बोलत बसलो, आणि निघालो. त्यानंतर सुगी लागली. सुगीत गिरणीला उसंत नसते. ही सबब मी तेव्हा स्वतःला दिली होती, आता तुम्हाला देतोय.

भातकापणी आटोपली आणि बाय गेली. सकाळी, मेढीला टेकलेलीच. सून चूल पेटवत होती.

बाराव्याला अंगण भरलं होतं. खर्डीहून सुनेचे वडील आले होते, एका कडेला टोपी मांडीवर घेऊन बसले होते. पानं उठली, आणि बायची नणंद बोलायला लागली. ती त्याच गावात दिलेली, बायवर तिचा खरा जीव. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"आजारी मानसाच्या तोंडची पेज काढली हो! हात जोडून पेज मागायची माझी वहिनी. ही म्हनते, डॉक्टर नाय म्हनतो. उपाशी मारली तिला. आमच्यात कुत्र्याला पण पेज नाय म्हनत नाय कोनी."

 पुरुष जमिनीकडे बघत होते, आणि त्यात भाचाही होता. सुनेचे वडील टोपीची कड चाचपत होते.

मी उभा राहिलो. उभं राहण्याची मला सवय आहे. 

"सून बरोबर होती," मी म्हणालो. "पेज म्हणजे पाणीच. बायला पाणी बाधत होतं. पेज पोटभर पी म्हणून तिला मी सांगितलं, माझ्या गिरणीवर, आठदहा माणसांसमोर. त्यानं तिचं दुखणं वाढलं. दवाखान्यात डॉक्टरिणीनं विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. चूक माझी आहे. या पोरीची नाही."

 मग गावातला एक म्हातारा, तीस वर्षं माझ्याकडे भात आणणारा, हळूच हसला. डोळे पुसत म्हणाला, "काय मानूस आहे बघा. सुनेवरचं बालंट सोताच्या अंगावर घेतो."

"मी खरं सांगतोय, आबा."

"अरे हो रे, हो. बस तू."

"मन मोठं लागतं त्याला," कोणीतरी म्हणालं. मी बायची शपथ घेतली. ती घेतानाही माझा हात सवयीनं वर गेला, नाटकात जातो तसा, आणि मला तो दिसला. लोकांनाही दिसला. नणंद मात्र मवाळ झाली. पदरानं नाक पुसत म्हणाली, "भावाचा शब्द म्हनून सोडते." म्हणजे सुनेला माफी मिळाली, ती माझ्या उपकारावर. सुनेचे वडील उठून आले आणि वाकून माझ्या पायांना हात लावायला लागले. माझ्याहून वयानं मोठा माणूस. मी त्यांना धरलं तर तेच हुंदके द्यायला लागले.

मी मागच्या दारी गेलो. सून टोपं घासत होती. मी तिच्यापासून जरा लांब दगडावर बसलो.

"तुला तरी खरं वाटलं ना, पोरी?"

"मला काय वाटायचं, मामा? मी व्हते ना गिरणीवर. मी पन हसलेली." तिनं राखेचा हात टोपावर फिरवत ठेवला. "पर उशीर केलात तुमी."

"दवाखान्यात बोलायला हवं होतं."

"दवाखान्यात ऱ्हाऊ द्या. हितं येऊन बोलायला हवं व्हतं, या अंगणात. मी रोज नाय म्हनायची, आनि ह्यांच्या आत्या म्हनायच्या, तिचा भाऊ सांगतो पेज चालते, तू कोन? मी शेतावर गेले की मागल्या दारानं वाडगा घेऊन यायच्या. आई प्यायच्या. मला वाडगे सापडायचे." तिनं टोपावर पाणी ओतलं. "माझं कोनी ऐकत नव्हतं, मामा. तुमचं सगळे ऐकतात. तुमी एकदा आला असता आनि आज बोलला तसं बोलला असता, तर आत्यांनी आनली नसती."

अंगणातून नणंदेचा आवाज येत होता. कोणाला तरी सांगत होती, वहिनीला शेवटपर्यंत काही कमी पडू दिलं नाही मी.

मी उठलो. "आताच जाऊन सांगतो."

"काय सांगनार?" सून पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होती. "त्यांच्या हातच्या पेजेनं आई गेल्या, हे? त्या जगायच्या नाय, मामा. त्या प्रेमानं आनायच्या. मला बोलतात तर बोलू दे चार दिवस. तुमी काय बोलू नका."

मी परत दगडावर बसलो. तिनं एक टोप पालथं घातलं, दुसरं पुढ्यात ओढलं. अंगणात नणंद बोलत राहिली, आणि मी गप्प राहिलो. या खेपेला सुनेनं सांगितलं म्हणून.